टेकाडे काकांचा विस्तव

नीळकंठ टेकाडे कारखान्याच्या फायर स्टेशनवर लीडिंग फायरमन होते, आणि ड्यूटी संपवून घरी आले तरी लीडिंग फायरमनच राहायचे. आमच्या पिपलानीच्या गल्लीत कुणाच्याही घरी गेले, की देवाला हात जोडायच्या आधी उदबत्ती कशात खोचली आहे ते बघायचे.

मी अच्युतशी लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. अच्युत कारखान्यात इंजिनिअर. आम्हाला क्वार्टर मिळालं ते टेकाड्यांच्या अगदी समोर. मी स्वैपाकघर लावत होते, तोच दारात एक उंच, भरघोस मिशांचा माणूस येऊन उभा राहिला.

"सूनबाई, स्टोव्ह कुठं ठेवणार?"

"ओट्यावर."

"आणि हा पडदा?"

"खिडकीला. आईनं भरतकाम करून दिलाय."

"सुंदर आहे. पुढच्या खोलीत लावा," असं म्हणत त्यांनी स्टुलावर चढून पडदा उतरवलासुद्धा. नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि चालते झाले. मला रडूच यायचं बाकी होतं. थोड्या वेळानं त्यांची बायको, रत्नप्रभाकाकू, वाटीभर मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन आली. ठेंगणी, गोरी, हसली की डोळे मिटून जायचे अशी.

"रागावू नकोस गं," ती म्हणाली. "आमच्या लग्नात हे नागपूरच्या बंबखान्यात नवेच लागले होते. होमाच्या वेळी माझ्याकडे एकदा बघतील तर शपथ. सगळं लक्ष ठिणग्यांकडे. शेवटी भटजी म्हणाले, जावईबापू, मांडव पेटला तर मी सांगतो तुम्हाला."

त्या दिवसापासून काकूशी माझं जमलं. काकांशी जमायला मात्र सहल व्हावी लागली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मराठी मंडळानं भीमबेटकाला जायचं ठरवलं. कारखान्याची बस मिळाली. मंडळाचे सेक्रेटरी गजाननराव मुळावकर म्हणजे तयारीचा माणूस. वांगी, ज्वारीचं पीठ, परात, तवे, लाकडं, आणि लाकडं लवकर पेटावीत म्हणून केरोसीनचा डबा. काका बसमध्ये चढले, त्यांना वास आला आणि त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

"काड्यापेट्या इकडे द्या," दारात पिशवी पसरून ते म्हणाले. "लायटरही. घासलेट एका टोकाला राहील, ही पिशवी माझ्यापाशी दुसऱ्या टोकाला राहील. तेव्हाच गाडी हलेल."

सिगारेट ओढणारे कुरकुरले, पण काकांच्या मिशांपुढं कोण बोलणार? सगळ्यांनी आपापल्या काड्यापेट्या पिशवीत टाकल्या. मग डबा मागच्या सीटखाली पक्का बांधायला म्हणून काकांनी पिशवी घडीभर मंडळाच्या फाटकाला अडकवली, डबा बांधला, दोनदा हलवून पाहिला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो."

भीमबेटकाला त्या दिवशी ऊन कसं गोड पडलं होतं. त्या प्रचंड दगडांच्या छताखाली हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली हरणं, रानरेडे, शिकारी, हात धरून नाचणारी माणसं आम्ही माना वर करून करून पाहिली. काकू एका ओळीपुढून हलेचना. "बघा तरी, कसा फेर धरलाय," असं प्रत्येकाला हात धरून दाखवत होती. मग भुका लागल्या. गजाननरावांनी तीन दगडांची चूल मांडली, लाकडं रचली, केरोसीन शिंपडलं आणि हात पुढं केला.

"काका, काडेपेटी."

काकांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"फाटकाला," ते म्हणाले.

पुढचा प्रकार बघण्यासारखा होता. आमच्यात इंजिनिअर किती होते कोण जाणे. शहरंच्या शहरं उजळून टाकणारी यंत्रं बनवणारी ही मंडळी, पण चूल काही पेटेना. अच्युतनं आपल्या चष्म्यातून ऊन पाडायचा प्रयत्न केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपला नंबर लांबचं न दिसण्याचा, त्या काचेतून ऊन गोळा होण्याऐवजी पसरतं. कुणी दोन दगड एकमेकांवर आपटून बोट चेचून घेतलं. कुणी बसच्या बॅटरीकडे बोट दाखवलं, तर ड्रायव्हर दारात आडवा उभा राहिला, "साब, गाड़ी को हाथ नहीं लगाना." तो स्वतः तंबाखू खाणारा, म्हणजे त्याच्याकडेही काडी नाही. शेवटी त्यालाच बस घेऊन हमरस्त्यावरच्या गावात पाठवलं. तो गेला तो गेलाच. रेल्वेचं फाटक बंद होतं, एकामागून एक मालगाड्या जात होत्या. तोवर आम्ही पेरू खाल्ले, मुळे खाल्ले, सगळा तिळगूळ संपवला, भेंड्या लावल्या आणि हसून हसून पोटं दुखवून घेतली. भरीत-भाकरी मिळाली तेव्हा उन्हं कलली होती, आणि इतकी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. गजाननरावांनी आभाराच्या भाषणात सांगितलं, "आजच्या सहलीत आग लागण्याचा एकही प्रकार घडला नाही, याचं संपूर्ण श्रेय श्रीयुत टेकाडे यांना जातं."

सगळ्यांच्या आधी काका हसले. पण परतताना ते खिडकीला टेकून बाहेर बघत बसले होते. मी मागच्याच सीटवर होते.

"रत्ना," ते म्हणाले, "ती चित्रं काढणारी माणसं रोज जेवत होती ना?"

"जेवल्याशिवाय का चित्रं सुचतात?"

"काडेपेटीशिवाय."

"हो, बाप्पा."

"मग मला काहून येऊ नये?" अमरावतीकडचं 'काहून' त्यांच्या बोलण्यातून कधी गेलं नव्हतं. "इतकी वर्षं आग विझवतोय. लावता एकदाही आली नाही, काडी ओढल्याशिवाय. हे काही बरोबर नाही."

पुढच्या रविवारी सकाळी समोरच्या अंगणातून कर्रकर्र असा आवाज यायला लागला. मी बाहेर येऊन पाहिलं. काका एक गुडघा जमिनीला टेकून बसले होते. पायाखाली फळी. हातात बांबूची वाकवलेली कामटी, तिच्या दोन टोकांना दोरी, आणि त्या दोरीला एक वेढा घालून अडकवलेली एक उभी काठी. काठीचं खालचं टोक फळीच्या खळग्यात, वरचं टोक एका लाकडी ठोकळ्याखाली दाबलेलं. काका कामटी करवतीसारखी मागंपुढं ओढत होते आणि काठी गरगर फिरत होती.

"हे काय, काका?"

"माझा बाप अंजनगावात सुतार होता," ते धापा टाकत म्हणाले. "त्याच्याकडे सामता होता. भोकं पाडायचं हत्यार, असंच, कमानीनं फिरवायचं. मी लहानपणी ओढायचो. टोक बोथट झालं की लाकडातून धूर निघायचा आणि बाप ओरडायचा, अरे नील्या, घर जाळतोस का? त्या दिवशी बसमध्ये तेच आठवत होतो. बाप ज्याला नको म्हणायचा, तेच आता करायचंय."

ऐकायला सोपं वाटलं. पण दोरी घसरायची. सुतळी तुटली, नायलॉनची दोरी वितळून काठीला चिकटली. शेवटी काकूच्या परकराची नवीकोरी नाडी कमानीला लागली आणि ती मात्र टिकली. वरच्या ठोकळ्यालाच धूर यायचा आणि फळी गारच्या गार. काकूनं नारळाची करवंटी आणून दिली, आतून खोबरेल लावून. ती तळहातात धरली की काठीचं वरचं टोक मजेत फिरायचं. फळी सागवानी होती. ती नुसती गुळगुळीत होऊन चमकायला लागली आणि रडक्या पोरासारखी किंचाळायला लागली. मग काका सायकल काढून अशोका गार्डनकडच्या लाकडाच्या टालीवर गेले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "सब से बेकार लकड़ी दिखाओ, जो किसी काम की नहीं." टालवाल्याला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांना बापाचं आठवलं होतं. धूर निघायचा तो हलक्या, ठिसूळ लाकडातून. शेवटी पांगाऱ्याची एक वाळकी फांदी मिळाली, कापसासारखी हलकी. तिची फळी केली. फिरवायची काठी निरगुडीची.

एकदा दाब कमी पडला आणि काठी कमानीतून सुटून थेट रस्ता ओलांडून माझ्या वाळत घातलेल्या सांडग्यांमध्ये येऊन पडली. काका पळत आले. मला वाटलं सांडग्यांबद्दल काही बोलतील. त्यांनी काठीचं टोक गालाला लावून पाहिलं आणि आनंदानं ओरडले, "सूनबाई, गरम आहे!"

त्या दिवशी आमचं जमलं. सांडगे मी मुकाट्यानं वेचून घेतले.

आता त्यांच्या फाटकाशी रोज संध्याकाळी कुणी ना कुणी थांबायला लागलं. अच्युतही सल्ला द्यायला गेला. "काका, घर्षण कमी पडतंय. वेग वाढवा."

"ये, वाढव," म्हणत काकांनी कमान त्याच्या हातात दिली. अच्युतनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. थोड्याच वेळात तो अंगणात उताणा पडून आकाशाकडे बघत होता आणि काकू त्याला लिंबाचं सरबत पाजत होती.

"धूर आला होता," तो मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "तू पाहिलास ना? आला होता."

धूर आता काकांनाही रोज येत होता. पण धुरापुढं गाडी जात नव्हती. फळीवर काळपट भुकटी पसरायची, थोडी धुमसायची आणि विझून जायची. अशातच एके दिवशी गजाननराव आले. होळी दोन आठवड्यांवर आली होती. सेक्टरच्या मैदानात मोठी होळी व्हायची. दरवर्षी काका तिथं असायचे, पण खाकी गणवेशात, वाळूच्या बादल्या घेऊन, बाजूला.

"काका, मार्चअखेर तुम्ही रिटायर होणार," गजाननराव म्हणाले. "मंडळाची इच्छा आहे, यंदा होळी तुम्ही पेटवायची. काडेपेटीशिवाय."

"पेटवीन," काका म्हणाले.

ते गेल्यावर काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पेटवीन म्हणे! अहो, अजून नुसता धूर येतोय. सगळ्या सेक्टरपुढं धूरच काढणार का?"

"आता बोललो ना मी, रत्ना."

"ते दिसलंच." ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली. मी तिथंच तांदूळ निवडत होते. "करा बघू पुन्हा. मला नीट बघू द्या."

काकांनी कमान ओढायला सुरुवात केली. काकू फळीवर इतकी वाकली, की मला तिच्या केसांचीच भीती वाटली. काठी फिरली, धूर आला, भुकटी चहूकडे उडाली, विझली.

"थांबा," ती म्हणाली. "ही पसरते म्हणून मरते. आमच्या गावी काडेपेटी कोण विकत घ्यायचं? माझी आई रात्रीचा विस्तव राखेत दाबून ठेवायची. सगळे निखारे एका जागी, एकमेकांना चिकटून. सुटा पडलेला निखारा सकाळी कोळसा झालेला असायचा. आणि आमचा विझला, की मी खापरी घेऊन शेजारी जायची विस्तव मागायला. ह्या भुकटीला एक जागा द्या बसायला."

काकांनी बोटानं मिशी चोळली. मग चाकू घेतला आणि खळग्याच्या कडेपासून फळीच्या काठापर्यंत एक खाच कापली, कलिंगडाची तिकोनी फोड कापतात तशी. खाचेखाली एक सुकं पान ठेवलं. पुन्हा काठी लावली. ह्या वेळी भुकटी उडाली नाही. खाचेतून खाली पानावर पडत राहिली, तपकिरी, मग काळी, आणि तिचा छोटा ढीग झाला. काकांनी कमान थांबवली. काठी बाजूला घेतली. फिरायचं थांबलं तरी धूर थांबला नव्हता. ढिगातून एक बारीक, सरळ रेघ वर जात होती.

आम्ही तिघंही श्वास धरून बसलो. काकूनं हातानं हलकेच वारा घातला, आणि काळ्या भुकटीच्या पोटात डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका उगवला.

"विस्तव," काकू कुजबुजली. "अगंबाई, विस्तव!"

नारळाच्या शेंडीचा पिंजून केलेला घरट्यासारखा गोळा काकांनी आधीच करून ठेवला होता. त्यात ठिपका अलगद सरकवला आणि ते फुंकर घालायला लागले. शेंडी जरा दमट होती. धूर असा काही उठला, की अंगण दिसेनासं झालं. पांढरा, दाट, गल्लीभर पसरणारा. रस्त्यानं सायकलवरून जाणाऱ्या कुणी भल्या माणसानं तो पाहिला असावा आणि जवळच्या दुकानातून फोन फिरवला असावा. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. काका फुंकत होते, खोकत होते, पुन्हा फुंकत होते. आणि भक्कन जाळ झाला. त्यांच्या हातातल्या शेंडीतून वीतभर ज्वाळा उठली. त्यांनी ती चटकन अंगणात रचलेल्या काटक्यांवर ठेवली आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

त्याच क्षणी टणटणटणटण घंटा वाजली. लाल बंब गल्लीच्या तोंडाशी वळला, फाटकाशी थांबला, आणि तो पुरता थांबायच्या आधीच अनंत आणि त्याचे लोक खाली उडी मारून होज उलगडत होते. अनंत काकांच्या हाताखाली तयार झालेला क्रूचा प्रमुख. धुरात त्याला माणसं दिसलीच नाहीत, ज्वाळा दिसली.

"पानी!" तो ओरडला.

काटक्या, फळी, कमान, करवंटी, माझे निवडलेले तांदूळ, काकू आणि काका, सगळं एका फवाऱ्यात धुऊन निघालं. मग धूर विरला. अनंतच्या हातातून होजचं तोंड खाली आलं.

"दादा? तुम्ही?"

काकांच्या मिशांतून पाणी गळत होतं. ते पायाखालच्या चिखलाकडे बघत होते. मग वर पाहून त्यांनी विचारलं, "फोन कधी आला?"

"आत्ताच, दादा. फोन ठेवला आणि निघालो. वाटेत म्हशी आडव्या होत्या, तरी..."

"होजला पीळ पडला?"

"नाही पडला."

"पत्ता कुणी विचारून घेतला? नीट घेतला?"

"घेतला, दादा. पण घर तुमचं आहे हे वाटेत लक्षातच आलं नाही."

"शाब्बास," काका म्हणाले. "असंच पाहिजे. घर कुणाचंही असो."

"शाब्बास काय शाब्बास!" काकू पदर पिळत ओरडली. "माझा विस्तव विझवला मेल्यांनी! जन्मात पहिल्यांदा लागला होता!"

अनंतनं तिच्याकडे पाहिलं, चिखलात पोहणाऱ्या करवंटीकडे पाहिलं, आणि काय घडलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग कुणालाच आवरेना. काका तर हसता हसता ओल्या जमिनीवर बसले ते उठेचनात. त्या दिवशी बंबावरच्या सगळ्या मंडळींना चहा आमच्याकडे झाला, कारण काकूच्या सरपणात पाणी शिरलं होतं. निघताना अनंत म्हणाला, "होळीला आम्ही येऊ, दादा. तुम्ही सांगितल्याशिवाय थेंब सोडणार नाही."

भिजलेली फळी फुगून कामातून गेली होती. काकांनी उरलेल्या फांदीची नवी फळी काढली आणि ती माझ्या गच्चीवर उन्हात ठेवली. काकू रोज दुपारी येऊन ती उलटी करून जायची, पापड उलटतात तशी.

होळीच्या दिवशी संध्याकाळी मैदान भरून गेलं होतं. एरंडाची फांदी मधोमध, भोवती लाकडं, गोवऱ्यांच्या माळा. बायकांनी पुरणपोळीचा नैवेद्य आणला होता. हिंदी बोलणारे शेजारीही आले होते, बातमी सगळ्या टाउनशिपभर झाली होती. बंब थोडा लांब उभा होता आणि अनंत हाताची घडी घालून त्याला टेकला होता. काका धोतर आणि पांढऱ्या सदऱ्यात आले. गणवेशाशिवाय होळीला आलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

ते गुडघा टेकून बसले. फळी, काठी, करवंटी, कमान. फिरवायला सुरुवात झाली. धूर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुकटी जमायला लागली. काकांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्याशी आला, आणि मी "काका" म्हणेपर्यंत थेंब बरोबर भुकटीवर पडला.

"अरे राम," गजाननराव म्हणाले.

पुन्हा सुरुवात. ह्या वेळी काकूनं त्यांचं कपाळ पदरानं पुसलं. पण कधीकाळी शिडीवरून पडून दुखावलेला त्यांचा गुडघा आता बोलायला लागला. कमानीचा वेग मंदावला. धूर पातळ झाला. मागं लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी खिशातून काडेपेटी काढून खुळखुळवली. काका थांबले. मान खाली घालून नुसते श्वास घेत राहिले.

"सरका," काकू म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला, त्यांच्यासमोर बसली आणि करवंटी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. "दाबायचं मी बघते. तुम्ही दोन्ही हातांनी नुसती कमान ओढा. गुडघा टेकू नका, मांडी घालून बसा."

"होळी बायकांनी पेटवायची असते का?" मागून एक म्हातारा आवाज आला.

"मग पोळ्याही तुम्हीच लाटा!" कुणा बाईनं तिथल्या तिथं उत्तर दिलं आणि हशा पिकला.

काकांनी दोन्ही हातांनी कमान धरली. आता ती पूर्ण लांबीनं जायला लागली, टोकापासून टोकापर्यंत, संथ, मग जोरात. काकूचे ओठ आवळलेले, बांगड्या किणकिणताहेत, ती एकदाही हलली नाही. दोघांची कपाळं एकमेकांना लागायला आली होती. धूर दाट झाला, आणखी दाट झाला, काकूच्या बोटांमधून वर यायला लागला. "ओढा," ती म्हणत होती. "ओढा, ओढा, येतोय, ओढा." मग ती एकदम म्हणाली, "बस."

काठी बाजूला झाली. त्या सरळ रेघेकडे मैदानभर माणसं माना उंचावून बघत होती. काकूनं पानावरचा ढीग शेंडीच्या घरट्यात घेतला. ह्या वेळी शेंडी मी स्वतः तव्यावर भाजून कोरडी केली होती. तिनं ते घरटं तोंडापुढं धरून हलकी, लांब फुंकर घातली, जशी ती नातवाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना घालायची. आत लाल झालं. नारिंगी झालं. आणि जाळ उठला.

"घ्या," ती काकांना म्हणाली.

"तू ठेव."

"दोघं ठेवा हो, हात भाजेल!" गजाननराव ओरडले.

दोघांनी मिळून ते जळतं घरटं वाळक्या गवतात ठेवलं. होळी पेटली. मैदानानं अशी बोंब ठोकली, की पलीकडच्या बरखेडा वस्तीपर्यंत ऐकू गेली असेल, आणि सगळ्यांत जोरात बोंबलत होते ते बंबावरचे लोक. अनंतनं तर मधेच बंबाची घंटाही वाजवून घेतली.

मी काकांकडे पाहिलं. होळीकडे बघताना वारा कुठला आहे, ठिणग्या कुणीकडे जाताहेत, हेच पाहत आलेले ते डोळे त्या दिवशी नुसते जाळाकडे लागले होते. तोंड किंचित उघडं होतं, चेहरा उजळला होता. "केवढी सुंदर दिसते," ते म्हणाले, आणि मग लाजल्यासारखे झाले.

जाळ ओसरल्यावर बायका घमेली, जुने तवे घेऊन पुढं आल्या. धुळवडीच्या सकाळचं अंघोळीचं पाणी होळीच्या विस्तवावर तापवायची आमच्याकडे रीत. काकू चिमट्यानं निखारे वाटत होती, प्रत्येकीला विचारून, "पुरे का? अजून एक घे. बाळंतिणीचं घर आहे तुझं." शेजारच्या सेक्टरमधल्या एक शर्माबाई रीत काय ते कळल्यावर धावत घरी जाऊन पातेलं घेऊन आल्या. काका बाजूला उभे राहून सांगत होते, "झाकण घाला. उघडं नेऊ नका. साडीचा पदर सांभाळा."

मार्चअखेर ते निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांनी अशोका गार्डनमध्ये छोटं घर बांधलं. लवकरच तिकडच्या लोकांनाही समजलं. गाइडच्या मुलींच्या शिबिराला त्यांना बोलावणं यायला लागलं, आणि ते एकटे कधीच गेले नाहीत. पुढं पुढं काकू एकटीनंही विस्तव काढायला शिकली आणि त्यांच्याहून लवकर काढायला लागली. हे ती स्वतः कधी सांगायची नाही. काकाच सांगायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला, चहा यायच्या आत.

एका कोजागरीला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गच्चीवर दुधाचं पातेलं चुलीवर चढवून ठेवलेलं, केशर-वेलदोडे घातलेले, चंद्र नुकता वर आलेला, आणि चूल मात्र थंड. दोघं फळीपाशी बसून वाद घालत होते.

"मागच्या खेपेला तू ओढलीस. आज माझी पाळी."

"तुम्ही ओढली की दूध उद्या सकाळी मिळेल त्यांना."

"अच्युत, तूच सांग."

अच्युतनं बाह्या दुमडल्या आणि त्यांच्यामध्ये जाऊन बसला. "मला द्या," तो म्हणाला. "मागच्या वेळी धूर आला होता माझा."

काकूनं हसत हसत, डोळे मिटून, कमान त्याच्या हातात दिली आणि करवंटीवर खोबरेलाचा हात फिरवून ती दाबून धरली.